जिवाणू विकर सोडण्याआधी शेजार का मोजतात?

खाजणकाठ

आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस परवा घरी आली. तिच्या तळाशी दरवर्षीचेच वाक्य आहे, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी २२ वर्षे गेली असल्यामुळे हे वाक्य वाचले की मला जिवाणू आठवतात, कारण त्यांच्या पोटनियमांत ही अर्ध्या तासाची सवलत नाही. जमाव पुरेसा नसेल, तर ठराव होतच नाही. त्या ठरावांपैकी एकाच ठरावाबद्दल, म्हणजे विकरे बाहेर सोडण्याच्या ठरावाबद्दल, येथे सविस्तर लिहावे असे वाटले.

विकर म्हणजे बोलताना आपण ज्याला एन्झाइम म्हणतो ते. जिवाणूला तोंड नाही आणि पोटही नाही. मासळीतले प्रथिन, फळातले पेक्टिन किंवा कोळंबीच्या कवचातले कायटिन हे रेणू इतके मोठे असतात, की ते अखंड स्थितीत त्याच्या आवरणातून आत शिरू शकत नाहीत. म्हणून जिवाणू आधी विकर बाहेर सोडतो, ते बाहेरच्या बाहेर अन्नाचे तुकडे करते आणि मग ते तुकडे तो आत ओढून घेतो. अडचण अशी, की विकर हे स्वतःच एक प्रथिन असल्याने ते घडवायला अमिनो आम्ले आणि ऊर्जा दोन्ही खर्च होतात. खाडीच्या वाहत्या पाण्यात एकट्या जिवाणूने ते सोडले, तर ओहोटी त्याला घेऊन जाईल, आणि त्याने तोडलेले तुकडेही तिच्याबरोबरच जातील. हेच काम लाखो जिवाणूंनी एका जागी, एका वेळी केले, तर तुकडे सर्वांच्या आवाक्यात राहतात.

यासाठी त्यांनी केलेली सोय अगदी साधी आहे. प्रत्येक पेशी एक लहानसा रेणू थोड्या थोड्या प्रमाणात सतत बनवत राहते. पेशी विरळ असतील तोवर तो पाण्यात विरून जातो. दाटी वाढली की त्याची संहती, म्हणजे पाण्यातले प्रमाण, वाढते, आणि ती ठराविक पातळी ओलांडून गेली की तो रेणू पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतो. ही जोडी मग डीएनएवर बसून विशिष्ट जनुके चालू करते. समुद्रातल्या व्हिब्रिओ फिशेरी या प्रकाशमान जिवाणूत हे प्रथम नीट उलगडले. केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांनी १९७० साली दाखवले, की हे जिवाणू वाढतानाच माध्यमात असे काही सोडतात की ज्यामुळे पुढे त्यांचाच प्रकाश पेटतो. तो रेणू ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन वर्गातला आहे, हे १९८१ साली कळले, आणि या साऱ्या व्यवहाराला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव १९९४ साली मिळाले. मी वर्गात ‘गणपूर्ती-संवेदन’ म्हणत असे आणि येथेही तेच म्हणेन.

प्रकाश दिसतो, म्हणून तो प्रसिद्ध झाला. परंतु याच रचनेचा रोजचा उपयोग विकरांसाठी होतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जखमांत, ओल्या मातीत आणि पाण्याच्या नळांत सापडणारा जिवाणू घ्या. त्याच्यात अशा दोन साखळ्या एकीखाली एक आहेत. वरची ‘लास’ आणि खालची ‘ऱ्हल’. इलॅस्टेज नावाचे त्याचे प्रथिनभेदी विकर या दोन्हींच्या हुकमाखाली येते. हे विकर आत तयार होताना त्याला एक जादा तुकडा जोडलेला असतो आणि तो विकराची धार झाकून ठेवतो. माडावर चढणारा माणूस कोयता उघडा हातात धरत नाही, तो कमरेच्या आकडीला अडकवूनच चढतो, त्यातलाच हा प्रकार समजा. आतले पटल ओलांडल्यावर विकर आपला आकार घेते आणि तो तुकडा स्वतःच कापते, तरीही तुकडा त्याला चिकटूनच राहतो. त्यानंतर बाहेरच्या पटलातून, ‘टाइप टू’ म्हणजे दुसऱ्या प्रकारची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्रवणयंत्रणेच्या वाटेने, ते बाहेर पडते आणि तेथे गेल्यावर मोकळे होते. मला यातले सर्वांत नेटके वाटते ते हे, की ती स्रवणयंत्रणा उभारणारी जनुकेही गणपूर्तीच्या संकेतालाच बांधलेली आहेत. माल तयार होण्याचा आणि दार बांधून होण्याचा मुहूर्त एकच असतो.

सुरंगी

लेख आवडला. एक घरगुती शंका विचारते. सकाळी आणलेला बांगडा दुपारपर्यंत चांगला असतो. अंगठ्याने दाबला तर खळगा लगेच भरून येतो आणि कल्ला उचलून पाहिला तर आत लाल असतो. मग तासा-दोन तासांत असे काय घडते की तो एकाएकी बुळबुळीत होतो आणि कल्ला तपकिरी पडून वास मारू लागतो? जिवाणूंची सभा भरली, असे याचे उत्तर आहे का?

ओहोटीभरती

सुरंगीताई, सभेची काहीच गरज नाही, साधे गणित पुरते. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा एक जिवाणू ८ तासांत सुमारे १ कोटी ६८ लाख होतो आणि १० तासांत १०७ कोटींच्या वर जातो. म्हणजे शेवटच्या दोन तासांत ६४ पट. पहिले आठ तास आपल्या नाकाला काही कळत नाही आणि मग ‘एकाएकी’ कळते. प्रत्येक पेशी पहिल्या मिनिटापासून सारख्याच दराने विकर सोडत असली, तरीही चित्र हेच दिसले असते. खाजणकाठ सर, माझा मूळ आक्षेप हाच आहे. अचानकपणा दिसला म्हणून संकेत मानायचा, हे तर्काला धरून नाही.

खाजणकाठ

आक्षेप योग्य आहे आणि बांगड्याच्या बाबतीत तर मी तो जवळजवळ पूर्ण मान्य करतो. सुरंगीताई, मासळीचा तो ओळखीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमीनचा असतो. समुद्री माशाच्या अंगात मुळातच असलेल्या एका संयुगातला ऑक्सिजन जिवाणू श्वसनासाठी काढून घेतात आणि हे मागे उरते. ते काम पेशीला लागूनच होते, त्यासाठी विकर बाहेर सोडावे लागत नाही. तारली ठेवली की तिचे पोट फुटते. त्यातही पहिला हात तिच्या स्वतःच्या आतड्यातल्या पाचक विकरांचा असतो, जिवाणूंचा नंबर नंतर लागतो. साठवणीत खराब झालेल्या मासळीत हे संकेतरेणू सापडले आहेत, आणि एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूची प्रथिनभेदी विकरे संकेतावर चालतात हेही सिद्ध आहे. पण म्हणून पाटीतला प्रत्येक बांगडा सभेच्या ठरावाने कुजतो, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. बर्फ मात्र दोन्ही पक्षांना सारखाच आवरतो, तेव्हा मासळीच्या वजनाइतका घालायला कचरू नये.

आता तर्काकडे वळतो. ओहोटीभरती, तुमच्यासारखीच शंका १९६० च्या दशकातही होती. केम्पनर आणि हॅन्सन यांनी १९६८ साली असे सुचवले होते, की ताज्या माध्यमात प्रकाश रोखणारे काहीतरी असते आणि जिवाणू वाढताना ते संपवतात, म्हणून प्रकाश उशिरा दिसतो. निकाल लागला तो असा. दाट वाढलेल्या संवर्धनातून जिवाणू गाळून टाकायचे, खाली उरलेले निवळ पाणी नुकत्याच सुरू केलेल्या विरळ संवर्धनात घालायचे आणि वाट पाहायची. पेशी विरळच असतात, तरी प्रकाश वेळेआधी पेटतो. तुमच्या गणितात पेशींची संख्या हेच एकमेव कारण आहे, त्यामुळे या पाण्याचा परिणाम त्या गणितातून निघू शकत नाही.

विकरांच्या बाबतीत पुरावा याहून घट्ट आहे. संकेतरेणू बनवणारे जनुक तोडलेला स्यूडोमोनास सकस माध्यमात मूळ वाणाइतकाच वाढतो, परंतु इलॅस्टेज फारच थोडे सोडतो. बाहेरून तो रेणू घातला की विकर पुन्हा येऊ लागते. संख्या तीच, दुप्पट होण्याचा वेळ तोच, बदलतो तो फक्त संकेत. शिवाय येथे मोजायचे असते ते दर पेशीमागे किती विकर आले, एकूण किती आले हे नव्हे, आणि दर पेशीमागचाच आकडा दाटीबरोबर चढतो.

ओहोटीभरती

गाळलेल्या पाण्याचा प्रयोग मला पटला. दर पेशीमागे मोजायचे असते, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता.

जांभामाती

केळीची थोडी बाग आहे म्हणून लिहितो. पावसाळ्यात आमच्याकडे एखादे झाड बाहेरून ठणठणीत दिसते आणि जरा वारा सुटला की बुंध्याशी मोडून आडवे होते. मागच्या भाद्रपदात असे पडलेले एक झाड मी कोयत्याने कापून पाहिले. कंदाचा गाभा तपकिरी पडून लगदा झाला होता, दाबल्यावर पिवळट लालसर पाणी निथळले, आणि हाताचा वास साबणाने तीन वेळा धुऊनही गेला नाही. कृषी पदविकेला असताना आम्हांला हा कंदकुजीचा रोग पेक्टोबॅक्टेरियममुळे होतो असे शिकवले होते, ज्याचे जुने नाव अर्विनिया. हा जिवाणूही असाच शेजार मोजतो का? आणि मोजत असेल, तर झाडाच्या आत ओहोटी नसताना त्याला मोजण्याची गरज काय?

खाजणकाठ

जांभामाती, तुम्ही नेमका सर्वांत चांगला दाखला पुढे आणलात. पेक्टोबॅक्टेरियमची सारी ताकद बाहेर सोडलेल्या विकरांत आहे. वनस्पतीच्या दोन पेशींना जोडणारे पेक्टिन तोडणारी पेक्टेट लायेज आणि पॉलिगॅलॅक्टुरोनेज, त्यांच्या जोडीला सेल्युलेज, आणि प्रथिनभेदी विकरेही. भिंती सांधणारा चुना विरघळला की चिऱ्यांचा ढीग उरतो, तसा तुमच्या हाताला लागलेला तो लगदा होता. ही विकरे लॅक्टोन वर्गातल्याच संकेतावर सुटतात, आणि संकेत बनवू न शकणारा वाण झाडात शिरूनही ऊती कुजवू शकत नाही.

ओहोटी नाही हे खरे, पण झाड झोपलेले नसते. पेक्टिनचे ठराविक लांबीचे तुकडे पडू लागले की झाडाला त्यावरूनच घुसखोरी कळते आणि त्याची बचावफळी उभी राहते. पाच-पन्नास जिवाणूंनी विकरे सोडली, तर भिंत पडत नाही, फक्त कुत्रे भुंकू लागतात. म्हणून संख्या पुरेशी होईपर्यंत गप्प बसायचे आणि मग एकदमच तुटून पडायचे, हे जिवाणूच्या हिताचे आहे. या समजुतीला आधार देणारा प्रयोगही झाला आहे. तंबाखूच्या झाडात संकेतरेणू बनवणारे जनुक घातले, म्हणजे झाड स्वतःच खोटी हाळी देऊ लागले. अशी झाडे या कुजीला अधिक प्रतिकारक निघाली.

झाडाकडे आणखी एक उपाय असतो. लॅक्टोनच्या रेणूतले अणूंचे कडे आम्लधर्मी द्रवात टिकते आणि अल्कधर्मी द्रवात उघडते, आणि उघडलेल्या कड्याला संकेत म्हणून किंमत नाही. हल्ला झालेल्या ठिकाणी झाडाच्या पेशींमधल्या द्रवाचा सामू (पीएच) ८ च्या वर जाऊ शकतो, आणि त्या द्रवात संकेत आपोआप विझत जातो. समुद्राच्या पाण्याचा सामूही ८.१ च्या आसपास असतो, म्हणून मोकळ्या समुद्रात हा निरोप फार काळ टिकत नाही.

रात्रपाळी

मी किनाऱ्यावरच्या एका कोळंबी बीज केंद्रात सहा हंगाम काम केले. केंद्राचे नाव येथे देत नाही. व्हिब्रिओ हार्वेयीची साथ आली की आम्ही चाचणीचा कागद येण्याची वाट पाहत नसू. रात्री दोनच्या सुमारास शेडमधले दिवे बंद करायचे, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि टाकीवर वाकून पाहायचे. पिल्ले हिरवट निळ्या ठिपक्यांसारखी चमकत असत, आणि तळाशी मेलेल्यांचा थर त्याहून जास्त उजळ दिसे. तसा तळ दिसला की सकाळपर्यंत टाकी गेलीच म्हणून समजायचे. त्या वेळी ‘जिवाणूंचे बोलणे तोडणारे’ म्हणून बॅसिलसची एक महागडी भुकटी आम्हांला विकण्यात आली. ती घालूनही दोन टाक्या गेल्या. ती शुद्ध फसवणूक होती की त्यात काही तथ्य होते?

खाजणकाठ

रात्रपाळी दादा, कल्पनेत तथ्य आहे. त्या भुकटीत होते की नाही, हे मी सांगू शकत नाही. लॅक्टोनचे कडे उघडणारे एक विकर बॅसिलसच्या एका वाणात सापडले आणि त्याचे जनुक २००० साली प्रसिद्ध झाले. ते जनुक बटाट्यात आणि तंबाखूत घातल्यावर पेक्टोबॅक्टेरियमची कुज कमी झाली, हे पुढच्याच वर्षी दाखवण्यात आले. पण प्रत्येक बॅसिलस हे विकर बनवत नाही. शिवाय व्हिब्रिओ हार्वेयी एका भाषेवर विसंबून राहत नाही. त्याचे संकेत तीन आहेत, त्यांपैकी लॅक्टोन एकच. दुसऱ्यात चक्क बोरॉनचा अणू बसलेला आहे, आणि समुद्राच्या पाण्यात बोरॉनला तोटा नाही. तिन्ही संकेत आत एकाच साखळीत येऊन मिळतात. लॅक्टोन तोडणाऱ्या विकराने तीनपैकी एकच दार बंद होते.

त्या साखळीची चालही उलटी आहे. पेशी विरळ असताना काही लहान आरएनए रेणू मुख्य नियंत्रक प्रथिन घडवण्याचा पेशीतला निरोप, म्हणजे त्याचा निरोपी आरएनए, नष्ट करत राहतात. दाटी झाली की ते थांबतात, नियंत्रक तयार होतो, प्रकाश पेटतो आणि धातुयुक्त प्रथिनभेदी विकर बाहेर पडू लागते. दोन ठराव मात्र याच सभेत रद्द होतात. कवचातले कायटिन तोडणारे कायटिनेज दाटी झाल्यावर कमी होते, आणि यजमान पेशीत सुईसारखे टोचून प्रथिने सोडणारी तिसऱ्या प्रकारची स्रवणयंत्रणाही बंद पडते. म्हणून सगळे संकेत तोडले की रोग गेला, असे समीकरण मांडता येत नाही. पटकीच्या जिवाणूत तर हे आणखी ठळक आहे. तो विरळ असताना चिकटून राहतो आणि विष बनवतो. दाटी झाली की विष थांबवतो आणि एक प्रथिनभेदी विकर सोडून आतड्यापासून सुटा होतो, म्हणजे पुढच्या पाण्यात जायला मोकळा. त्याच्या ‘बोलण्यात’ घाईने अडथळा आणला, तर नेमके विषच चालू राहण्याचा धोका आहे.

माडाचीसावली

थंडीत आमच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या पेटतात आणि पर्यटकांची झुंबड उडते. तोही हाच प्रकार समजावा काय?

रात्रपाळी

नाही, ते नॉक्टिल्युका असते. तो जिवाणू नाही, त्याहून कितीतरी मोठा एकपेशीय जीव आहे, आणि पाणी हलले की क्षणभर चमकतो. पाय टाकला की उजेड, काढला की काळोख. आमच्या टाकीतला उजेड पाणी ढवळले नाही तरी सलग राहत असे. ओळखायला एवढी खूण पुरे.

ओहोटीभरती

आता माझी दुसरी शंका. विकर बाहेर पडले की ते सर्वांचेच झाले. मग एखाद्या पेशीने वर्गणी न भरता जेवणावळीला बसायचे ठरवले, तर तिला कोण उठवणार? अशा फुकट्या पेशी वेगाने वाढून सभाच मोडीत निघायला हवी.

खाजणकाठ

असे फुकटे असतात आणि प्रयोगशाळेत ते हमखास सापडतात. दुधातले केसीन हेच एकमेव अन्न ठेवून स्यूडोमोनास वाढवला, की काही दिवसांत ‘लास’चे ग्राहक प्रथिन बिघडलेल्या पेशी दिसू लागतात. त्या संकेत ऐकत नाहीत, विकर सोडत नाहीत आणि शेजाऱ्याने तोडलेले तुकडे खातात. त्यांना एकटे ठेवले तर केसीनवर त्या उपाशी राहतात. त्यांची संख्या फार वाढली की सगळेच उपाशी राहतात, आणि खरोखरच सभा मोडते.

याला एक तोड आहे आणि ती २०१२ साली उघड झाली. ॲडेनोसिन पचवणारे एक विकर हा जिवाणू बाहेर न सोडता पेशीच्या आत वापरतो, परंतु तेही त्याच ‘लास’ संकेताने चालू होते. अन्नात केसीनबरोबर ॲडेनोसिनही असले, तर संकेत न ऐकणाऱ्या पेशीला केसीनचे तुकडे फुकट मिळतात पण ॲडेनोसिन पचत नाही, कारण ते शेजाऱ्याच्या पोटात पचते आणि तेथून बाहेर येत नाही. सार्वजनिक आणि खासगी लाभ एकाच हजेरीपटाला बांधले, की गैरहजर राहणे महागात पडते. आमच्या संस्थेने डिझेलचा परतावा सभेच्या हजेरीला बांधला, तर आमचीही गणपूर्ती होईल, असे मी एकदा बोललो होतो आणि त्यावर बरीच बोलणी खाल्ली होती.

जांभामाती

एक गोष्ट अजून खटकते. तुम्ही सुरुवातीपासून ‘मोजणे’ म्हणत आहात, परंतु जिवाणूला डोकी मोजता येत नाहीत. त्याला कळते ती फक्त त्या रेणूची संहती. पाणी साचलेले असेल तर थोड्या पेशींतही संहती चढेल, आणि वाहते असेल तर पुष्कळ पेशी असूनही चढणार नाही. मग तो शेजार मोजतो की पाणी किती साचले आहे ते मोजतो?

खाजणकाठ

हा प्रश्न मी वर्गात शेवटच्या तासासाठी राखून ठेवत असे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी २००२ साली हाच मुद्दा मांडला. त्यांचे म्हणणे असे, की संकेतरेणू हा शेजाऱ्यांसाठी दिलेला निरोप नसून पेशीने स्वतःसाठी टाकलेला गळ असावा. स्वस्तातला लहान रेणू आधी सोडून पाहायचा, तो वाहून गेला तर महाग विकरही वाहून जाईल, तेव्हा ते सोडायचे नाही. तो अवतीभवतीच रेंगाळला, तर विकरही रेंगाळेल. यात शेजाऱ्यांची गरजच लागत नाही. पुढे दोन्ही मतांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले, कारण निसर्गात दाटी, वाहणे आणि जागेचा आकार या तिन्ही गोष्टी त्या एकाच संहतीत मिसळलेल्या असतात, आणि विकर फुकट जाईल की नाही हे त्या तिन्हींवर मिळून ठरते.

माझा कौल बराचसा तुमच्या बाजूने आहे, आणि तो एका प्रयोगामुळे आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एकच पेशी एका अतिसूक्ष्म थेंबात कोंडून ठेवण्यात आली. हा जिवाणूही आपली प्रथिनभेदी आणि मेदभेदी विकरे संकेतावरच सोडतो, फक्त त्याचा संकेत लहान पेप्टाइडचा असतो. त्या थेंबात दुसरे कोणीच नव्हते. तरीही त्याने सोडलेला रेणू बाहेर जाऊ न शकल्याने त्याच्याभोवतीच साठला, आणि त्या एकट्या पेशीत गणपूर्तीची जनुके चालू झाली.

ओहोटीभरती

म्हणजे सभासद एकच, पण सभागृह काडेपेटीएवढे. मग धाग्याच्या शीर्षकातला ‘शेजार’ हा शब्द बदलणार का?

खाजणकाठ

तंबाखूच्या त्या झाडांसाठी आणि ॲडेनोसिनसाठी तो राहू द्यावा लागेल. जांभ्या दगडाच्या छिद्रात ओल धरून एकट्याच बसलेल्या पेशीसाठी मात्र तो मी आत्ताच मागे घेतो.